जमल्यास

आमच्या नियमपुस्तकात छोट्या विमानांसाठी
एक अट आहे, शेवटच्या ओळीत:
कामाच्या ओघात जमल्यास.
पुस्तक इंग्रजी. ‘जमल्यास’ मी माझ्यापुरतं केलंय,
इचलकरंजीहून आई लिहिते ना,
जमल्यास मेमध्ये ये, तसं.

मोठ्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं,
पाच मैल किंवा हजार फूट.
ते काम. त्याचा पगार.
छोट्यांना नुसतं सांगायचं,
तुझ्या आसपास कोण आहे, कुठून येतंय, किती वर.
पाहायचं त्यांनी. टाळायचं त्यांनी.

रास अल खैमाच्या रडारखोलीत
सहा वर्षं झाली, दुपार पाहिलेली नाही.
इथल्या आकाशाचा नकाशा पाहाल
तर भाऊबंदकीतला सातबारा वाटेल:
हा तुकडा दुबईचा, तो शारजाचा, हा लष्कराचा,
समुद्रावर जरा पुढे गेलं की इराणची हद्द.
आणि उरलेल्या बांधावरून,
किनाऱ्याला चिकटून, पंधराशे फुटांखालून
जीव मुठीत धरून जाणारी
क्लबची दोन सीटांची विमानं.

मार्चमधली गोष्ट. शमाल सुटलेला.
धूळ एवढी की डोंगर खिडकीतून गेले होते,
असं चहा घेऊन आलेला नादिर म्हणाला.
किलो टँगो ज्युलिएटनं हाक दिली
उम्म अल क्वैनच्या उत्तरेकडून.
एकटाच, शिकाऊ. समोरचं नीट दिसत नाही,
रडारची मदत मिळेल का?
आकडा सांगायच्या आधी तो श्वास घ्यायचा.
एक हजार, श्वास, दोनशे फूट.

माझ्याकडे तेव्हा सातजण होते.
दोन मालवाहू, एक चार्टर, तिला उतरायची घाई,
आणि एकजण, त्याला सगळं दोनदा सांगावं लागे.
मी म्हणाले, स्टँड बाय.

सव्वा मिनिट.
टेप नंतर ऐकली म्हणून माहीत आहे,
नाहीतर मी वीस सेकंद म्हणाले असते, आणि शपथेवर.

परत पाहिलं तेव्हा
खारफुटीवरून पोलिसांचं हेलिकॉप्टर निघालेलं,
उंची बाराशे,
तोंड थेट त्याच्याकडे.
किलो टँगो ज्युलिएट, समोर, दोन मैल,
तुमच्याच उंचीवर, उजवीकडे वळा असं सुचवते.
सुचवते.
ह्या सेवेत हुकूम करता येत नाही.

काहीच नाही.
मग तो श्वास, आकड्याशिवाय.
मग, वळतोय.
ठिपके एकमेकांना खेटून गेले,
पडद्यावर खेटून, म्हणजे बाहेर किती
ते मी मोजलंय. इथे लिहीत नाही.
दिसलं, तो म्हणाला. अगदी हळू,
झोपलेलं मूल शेजारी असावं तसं.

अहवालात चार ओळी. त्याचा दोष नाही, माझाही नाही.
‘जमल्यास’मध्ये सगळे बसलो.

परवा नखीलमध्ये करकच्या टपरीवर
मागून आवाज आला:
दोन करक, एक, श्वास, पार्सल.
मी वळून पाहिलं.
मी एकोणीस वर्षांचा कुणीतरी धरून चालले होते.
हा पन्नाशीचा. कानापाशी पांढरा.
लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा निळा शर्ट,
खिशावर नाव शिवलेलं: जोबिन.
नखांत ग्रीस.
किती महिन्यांच्या पगारात एक तास उडता येतं,
तो हिशेब मी तिथेच, रांगेत, करून पाहिला.
जमला नाही.

बोलले असते तर त्यानं ओळखलं असतं.
आवाजच तर आहे माझा त्याच्याकडे,
चेहरा नाही.
आणि सांगायला सव्वा मिनिट लागलं असतं.

मी बाजूला झाले, त्याला पुढे जाऊ दिलं.
त्यानं मान हलवली, पार्सल घेतलं,
रस्ता ओलांडताना डावी-उजवीकडे पाहिलं,
मग पुन्हा डावीकडे.

टपरीवरच्या मुलानं मला विचारलं, तुम्हाला?
मी एक बोट वर केलं.